इतवारीचा खासदार : प्रश्न कोणी विचारायचा?

नागपूर लोकसभा मतदारसंघाचे प्रतिनिधित्व २०१४ पासून नितीन गडकरी करीत आहेत आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यापासून ते केंद्रीय मंत्रिमंडळात रस्ते वाहतूक व महामार्ग खाते सांभाळीत आहेत. ही दोन विधाने एकमेकांना पूरक वाटत असली, तरी संसदीय कामकाजाच्या दृष्टीने त्यांच्यात एक ताण आहे आणि त्या ताणाची चर्चा शहरात क्वचितच होते. लोकसभेच्या परिभाषेत जो सदस्य मंत्री नाही त्याला, मग तो सत्ताधारी पक्षाचा का असेना, गैरसरकारी सदस्य म्हणतात. प्रश्न विचारणे, शून्य प्रहरात मतदारसंघाचा विषय मांडणे, नियम ३७७ खाली निवेदन करणे, गैरसरकारी विधेयक आणणे आणि खात्यांशी संलग्न स्थायी समित्यांवर काम करणे ही सारी साधने अशा सदस्यासाठी आहेत. मंत्री उत्तर देतो, विचारत नाही. म्हणजे नागपूरच्या खासदाराने ज्या दिवशी मंत्रिपदाची शपथ घेतली, त्या दिवसापासून नागपूरच्या नावाने लोकसभेत प्रश्न विचारणारी जागा रिकामी झाली. तिच्या बदल्यात शहराच्या पदरात काय पडले आणि तो सौदा कितपत फायद्याचा ठरला, हा येथील विचाराचा विषय आहे.

नागपुरातील इतवारी बाजाराच्या संदर्भात हा प्रश्न तपासण्याचे कारण असे की, या बाजारपेठेचा केंद्र सरकारशी रोजचा संबंध येतो. सराफा बाजारातील दागिन्यांवर जून २०२१ पासून हॉलमार्क सक्तीचा झाला. किराणा ओळीत विकल्या जाणाऱ्या पंचवीस किलोपर्यंतच्या शिक्काबंद धान्यावर १८ जुलै २०२२ पासून पाच टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी, लागू झाला. आणि इतवारी स्थानकावरून उमरेड, भिवापूरमार्गे नागभीडला जाणारी नॅरोगेज गाडी रुंदीकरणासाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद करण्यात आली. याउलट शहीद चौकातली कोंडी, माल उतरवायला न मिळणारी जागा आणि पावसाळ्यात तुंबणारी गटारे हे विषय महापालिकेचे व पोलिसांचे असले, तरी तक्रार करणाऱ्याच्या तोंडी नाव बहुधा खासदाराचेच असते.

पुढील संवादातील दोन्ही पक्ष प्रातिनिधिक आहेत. एक किराणा ओळीतील ठोक व्यापारी असून, खासदाराचे मोजमाप मतदारसंघात दिसणाऱ्या कामावरून करावे असे त्यांचे मत आहे. दुसरे राज्यशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक असून, खासदार हा प्रथम संसदेचा घटक आहे आणि त्याची परीक्षा तेथेच व्हावी, अशी त्यांची भूमिका आहे. दोघांचाही गडकरी यांच्याशी वैयक्तिक वाद नाही, ही गोष्ट संवादाच्या दृष्टीने सोयीची आहे.

व्यापारी : सर, बाजारात माल पाहून भाव ठरतो. मेट्रोची पायाभरणी ऑगस्ट २०१४ मध्ये झाली आणि डिसेंबर २०२२ मध्ये पहिला टप्पा पूर्ण झाला. आज चितार ओळीला आणि अग्रसेन चौकाला स्थानक आहे, गिऱ्हाईक हिंगण्याच्या बाजूने थेट येऊन उतरते. कामठी मार्गावरचा दुमजली पूल, खाली रस्ता, वर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो, असा साडेपाच किलोमीटरहून लांब, ऑक्टोबर २०२४ मध्ये खुला झाला. इंदोरा ते दिघोरी उड्डाणपुलाचे काम याच भागाला लागून हाती घेतले गेले. यातले कोणते काम प्रश्न विचारून झाले असते?

प्राध्यापक : कदाचित एकही नाही, शेठजी. परंतु ही कामे नागपूरच्या खासदाराने केली की देशाच्या रस्तेमंत्र्याने केली, हे आधी ठरवावे लागेल. खासदार म्हणून ज्या निधीवर त्यांचा शब्द चालतो तो स्थानिक क्षेत्र विकास निधी वर्षाला पाच कोटींचा आहे. सहा विधानसभा मतदारसंघांत तो समान वाटला तर एकेकाच्या वाट्याला सुमारे ८३ लाख रुपये येतात, आणि तेही खासदार केवळ सुचवतो, मंजुरी जिल्हाधिकारी देतात. एवढ्या रकमेत दुमजली पुलाचा एक खांबही उभा राहणार नाही. पूल आले ते मंत्रिपदातून. आता मंत्र्याचे गाव नागपूर आहे म्हणून पूल नागपुरात आला असे म्हणायचे असेल, तर ज्या जिल्ह्याला मंत्री नाही त्या नंदुरबारने किंवा गडचिरोलीने काय करायचे, याचेही उत्तर द्यावे लागेल.

व्यापारी : ते उत्तर नंदुरबारच्या मतदाराने शोधावे. इतवारीच्या माणसाने आपल्या दारात आलेला रस्ता न्यायाच्या तराजूत टाकायचा का?

हा टोला सडेतोड असला, तरी प्राध्यापकांच्या आक्षेपाचे निराकरण त्यातून होत नाही, कारण मंत्रिपद हे मतदारसंघाच्या हक्काचे नसते. नागपूरचा निवडणूक इतिहास त्याची साक्ष देतो. १९७१ मध्ये देशभर इंदिरा गांधींची लाट असताना नागपूरने फॉरवर्ड ब्लॉकचे जांबुवंतराव धोटे निवडून दिले. १९७७ मध्ये ती लाट उलटली तेव्हा येथून काँग्रेसचे गेव्ह आवारी दिल्लीला गेले. १९८९ मध्ये काँग्रेसची सत्ता गेली, परंतु नागपुरातून काँग्रेसचे बनवारीलाल पुरोहितच निवडून आले. आणि १९९८ व १९९९ मध्ये वाजपेयी सरकार आले तेव्हा येथील खासदार काँग्रेसचे विलास मुत्तेमवार होते. संघाचे मुख्यालय असलेल्या शहराचा हा इतिहास बाहेरच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. येथे महत्त्वाचे एवढेच की, या शहराने अनेकदा विरोधी बाकांवर बसणारा खासदार पाठवला आहे, आणि त्या काळात बोलणे हेच त्याच्या हातातले मुख्य साधन होते.

व्यापारी : बोलण्याचा दाखला द्यायचा तर बापूजी अणे आणि धोटे यांचाच द्यावा लागेल. अण्यांसारखा विद्वान माणूस, राज्यपालपद भूषवलेला, वयाच्या ऐंशीच्या घरात १९५९ ची पोटनिवडणूक लढवून आणि पुन्हा १९६२ मध्ये जिंकून विदर्भासाठी लोकसभेत गेला. धोटे तर विदर्भाचा सिंह म्हणूनच ओळखले गेले. विधानसभेत अध्यक्षांच्या दिशेने पेपरवेट भिरकावल्याबद्दल १९६४ मध्ये त्यांनी आमदारकी गमावली होती. एवढे बोलून, एवढे गर्जून विदर्भ राज्य झाले का? नागपुरातून राजधानी १९५६ ला गेली ती गेलीच.

प्राध्यापक : राज्य झाले नाही, हे खरे. पण मागणी मांडली जात राहिली म्हणून तिच्यासाठी काही व्यवस्था उभ्या राहिल्या. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३७१ च्या दुसऱ्या खंडानुसार विदर्भासाठी स्वतंत्र विकास मंडळाची तरतूद १९५६ मध्ये झाली आणि ती प्रत्यक्षात यायला १९९४ उजाडले. मधल्या चार दशकांत विदर्भाचे प्रतिनिधी गप्प बसले असते तर ती तरतूद कागदावरच राहिली असती. आता पुढचे पाहा. त्या मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, राज्य मंत्रिमंडळाने ते पुन्हा स्थापण्याचा निर्णय सप्टेंबर २०२२ मध्ये घेतला आणि पुढचा निर्णय केंद्राच्या हाती गेला. त्याचे काय झाले, हे गृहमंत्र्यांना लोकसभेत विचारण्याचा पहिला अधिकार ज्या शहराच्या खासदाराला असायला हवा, तोच खासदार नियमाने तो प्रश्न विचारू शकत नाही.

व्यापारी : विचारू शकत नाही, पण मंत्रिमंडळात शेजारी बसून सांगू शकतो. आयुर्विम्याचेच उदाहरण घ्या.

हे उदाहरण दोन्ही बाजूंनी वापरता येण्यासारखे असल्यामुळे तपशिलात पाहण्याजोगे आहे. आयुर्विमा आणि वैद्यकीय विम्याच्या हप्त्यावर १८ टक्के जीएसटी होता. तो रद्द व्हावा असे निवेदन नागपूर विभागातील आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचारी संघटनेने गडकरी यांना दिले आणि त्याचा आधार घेऊन त्यांनी जुलै २०२४ मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांना पत्र लिहिले. एका मंत्र्याने दुसऱ्या मंत्र्याला लिहिलेले हे पत्र वृत्तपत्रांत आले, विरोधी पक्षांनी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात याच मागणीसाठी संसदेच्या आवारात निदर्शने केली, वित्त विधेयकावरील चर्चेच्या उत्तरात अर्थमंत्र्यांना त्यावर बोलावे लागले, विषय जीएसटी परिषदेकडे गेला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये परिषदेने घेतलेल्या निर्णयानुसार २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक विमा हप्त्यांवरील हा कर उठला.

व्यापारी : नागपुरातले एक निवेदन आणि देशभरच्या पॉलिसीधारकांचा फायदा. याला मतदारसंघाचे काम म्हणायचे की संसदेचे, ते तुम्ही ठरवा.

प्राध्यापक : दोन्ही म्हणावे. पण घटनाक्रम नीट पाहावा. पत्र बाहेर आले नसते आणि विरोधकांनी ते उचलून धरले नसते, तर ते एका फायलीतून दुसऱ्या फायलीत गेले असते. मंत्र्यांचा आपसातला पत्रव्यवहार जनतेसमोर येईलच असा नियम नाही. सभागृहातला प्रश्न मात्र विचारला गेला की त्याचे उत्तर छापून ठेवावेच लागते.

व्यापारी : छापून ठेवल्याने काय होते, सर?

या साध्या प्रश्नाच्या उत्तरासाठी संसदेच्या एका फारशा परिचित नसलेल्या यंत्रणेची ओळख करून घ्यावी लागते. लोकसभेत रोज सकाळी ११ वाजता सुरू होणाऱ्या प्रश्नोत्तराच्या तासासाठी वीस तारांकित प्रश्न सूचीबद्ध होतात. तारांकित म्हणजे ज्यांचे उत्तर मंत्री तोंडी देतो आणि ज्यांवर पूरक प्रश्न विचारता येतात. त्याखेरीज २३० अतारांकित प्रश्नांना लेखी उत्तरे मिळतात. उत्तर देताना मंत्र्याने ‘हा विषय विचाराधीन आहे’ किंवा ‘माहिती गोळा केली जात आहे’ अशा आशयाचे काही म्हटले, तर ते आश्वासन म्हणून नोंदवले जाते आणि १९५३ पासून कार्यरत असलेली सरकारी आश्वासनांसंबंधीची समिती त्याचा पाठपुरावा करते. पूर्ततेसाठी साधारण तीन महिन्यांची मुदत असते आणि ती वाढवायची तर कारण देऊन वाढवून मागावी लागते. भूमिपूजनाच्या मांडवात दिलेल्या आश्वासनाला अशी समिती नाही. या व्यवस्थेतून एक विचित्र परिणाम संभवतो : बीडचा किंवा बेळगावचा खासदार आपल्या रस्त्याबद्दल गडकरींना प्रश्न विचारून त्यांच्याकडून नोंदवलेले, मुदतीचे उत्तर मिळवू शकतो, मात्र ज्या मतदारांनी त्यांना लोकसभेत पाठवले त्यांच्या वतीने असे उत्तर मागणारा लोकसभेत कोणी नसतो.

व्यापारी : समितीचा अहवाल कपाटात जातो, सर. चौकातल्या शब्दाचा हिशेब पाच वर्षांनी मतपेटीत होतो. २०१९ मध्ये मताधिक्य २,१६,००९ होते, २०२४ मध्ये ते १,३७,६०३ वर आले. हीच ती नोंद.

प्राध्यापक : नोंद खरी, पण ती मुकी आहे. सुमारे ७८ हजारांनी मताधिक्य घटले ते जीएसटीमुळे, उड्डाणपुलाच्या धुळीमुळे, उमेदवार बदलल्यामुळे की देशातल्या वाऱ्यामुळे, हे तो आकडा सांगत नाही. प्रश्नाला विषय असतो.

व्यापारी : विषय सांगणारी जागा इतवारीत आधीपासून आहे.

व्यापाऱ्याचा रोख मारबतीकडे आहे. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी निघणाऱ्या या मिरवणुकीत १८८१ पासूनची काळी मारबत इतवारीतून आणि १८८५ पासूनची पिवळी मारबत जागनाथ बुधवारीतून निघते. दोन्ही एकत्र येतात तेव्हा त्यांच्यासोबत बडगे असतात, म्हणजे त्या वर्षी लोकांना जे जाचले त्याचे पुतळे. महागाई, भ्रष्टाचार, करवाढ, एखादा पुढारी, कधी परदेशातला शत्रू, असे काहीही बडग्याच्या रूपाने उभे राहते आणि इडापिडा घेऊन जाण्याच्या आरोळीत शहराबाहेर नेऊन जाळले जाते. ही परंपरा लोकमताचे धीट व नेमके दर्शन घडवते, यात शंका नाही, आणि तिला केवळ लोकसंस्कृतीच्या सदरात टाकून देणारे अभ्यासक तिच्यातील राजकीय अर्थाला न्याय देत नाहीत. तथापि बडग्याला उत्तर द्यायला कोणी बांधील नसतो. तक्रार नोंदवली जाते ती जळण्यासाठीच, आणि पुढल्या वर्षी तीच महागाई नव्या कागदाने मढवून पुन्हा उभी राहते.

प्राध्यापकांनी याच टप्प्यावर एडमंड बर्क यांचा दाखला दिला. बर्क १७७४ मध्ये ब्रिस्टल या व्यापारी शहरातून ब्रिटिश संसदेवर निवडून आले आणि निवडून येताच त्यांनी मतदारांना असे बजावले की, प्रतिनिधी हा शहराचा आज्ञाधारक वकील नसून संपूर्ण राष्ट्राच्या हिताचा विचार करणाऱ्या सभेचा सदस्य आहे. पुढे आयर्लंडच्या व्यापारावरील बंधने सैल करण्याला त्यांनी पाठिंबा दिला आणि ब्रिस्टलचे व्यापारी त्यांच्यावर नाराज झाले.

व्यापारी : आणि पुढच्या निवडणुकीत काय झाले, तेही सांगा ना, सर.

प्राध्यापक : १७८० मध्ये पराभव दिसू लागल्यावर त्यांनी ब्रिस्टलमधून माघार घेतली.

बर्क यांचे तत्त्व भारतात पूर्णपणे लागू होत नाही, हेही येथे नोंदवणे आवश्यक आहे, कारण पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेशाबाहेर मत देणाऱ्या खासदाराचे सदस्यत्वच जाऊ शकते आणि स्वतःच्या विवेकाने मत देण्याची जागा फारच आकसली आहे. गैरसरकारी विधेयकांची स्थितीही उत्साहवर्धक नाही. स्वातंत्र्यानंतर अशी केवळ चौदा विधेयके कायद्यात रूपांतरित झाली आणि त्यांतले शेवटचे १९७० मधले आहे. शुक्रवारची दुपार त्यांच्यासाठी राखलेली असते, परंतु त्या वेळेपर्यंत बहुतेक सदस्यांचे लक्ष परतीच्या विमानाकडे लागलेले असते. म्हणजे संसदेतील काम या नावाखाली प्राध्यापक ज्याचा आग्रह धरतात, त्यातला कायदे करण्याचा भाग साध्या खासदाराच्या हाती फारसा उरलेला नाही; उरला आहे तो विचारण्याचा भाग, आणि नेमका तोच मंत्रिपदाबरोबर जातो.

व्यापारी : मग लोक खासदाराच्या जनसंपर्क कार्यालयात जातात त्यात चूक काय? महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, नगरसेवक गेले, वर्षानुवर्षे प्रशासक कारभार पाहत राहिला. नळाला पाणी आले नाही तर माणूस बारावी अनुसूची उघडून बसत नाही, ज्याचा फोन उचलला जातो त्याच्याकडे जातो.

प्राध्यापक : चूक लोकांची नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने पाण्यापासून स्मशानापर्यंत अठरा विषय नगरपालिकांकडे सोपवण्यासाठी बाराव्या अनुसूचीत घातले. तेथे निवडून आलेला माणूस नसेल तर सारा भार वरच्या खुर्चीवर येतो आणि खासदाराच्या नावाने क्रीडा महोत्सव, सांस्कृतिक महोत्सव, आरोग्य शिबिरे सुरू होतात. ती चांगलीही असतील. पण गटाराचा अर्ज खासदाराकडे गेला की, तो अर्ज ज्याने वाचायला हवा तो अधिकारी निर्धास्त होतो.

यावर व्यापाऱ्याने तत्त्वचर्चा थांबवून बाजाराच्या वतीने चार विषय पुढे ठेवले आणि त्यांची वासलात कोठे लावायची ते प्राध्यापकांनीच सांगावे, असे सुचवले. मालट्रकांच्या वेळा आणि थांबण्याची जागा हा पहिला विषय महापालिका व वाहतूक पोलिसांचा निघाला. दुसरा धान्यावरील पाच टक्के कराचा; पंचवीस किलोहून मोठे पोते करमुक्त असल्याने लहान गिऱ्हाइकालाच हा कर भरावा लागतो, हे त्यातले खरे दुखणे आहे; परंतु तो ज्या जीएसटी परिषदेपुढे जायला हवा तेथे केंद्रीय अर्थमंत्र्यांबरोबर राज्यांचे मंत्री बसतात, खासदार नाहीत. तिसरा, हॉलमार्कसंबंधीचे आदेश केंद्र सरकार काढते आणि अशा दुय्यम नियमांची छाननी संसदेची समिती करू शकते, म्हणून तो संसदेच्या कक्षेत बसला. चौथा नागभीड मार्गाचा. रेल्वे केंद्राची, त्यामुळे तोही.

प्राध्यापक : नागभीडचा मार्ग इतवारीतून निघतो, पण उमरेड रामटेक लोकसभा मतदारसंघात आहे आणि नागभीड गडचिरोली-चिमूरमध्ये. दोन्हीकडचे खासदार २०२४ मध्ये काँग्रेसचे निवडून आले आहेत, म्हणजे दोघेही गैरसरकारी सदस्य. त्यांच्यापैकी कोणाच्याही नावाने हा प्रश्न जाऊ शकतो. पंधरा दिवसांची सूचना लागते.

व्यापारी : इतवारीच्या गाडीचा प्रश्न रामटेकने विचारायचा?

प्राध्यापक : हरकत काय आहे? भिवापूरची मिरची काही पक्ष पाहून गाडीत चढत नव्हती.

व्यापारी : आणि रेल्वेमंत्र्यांचे उत्तर येईल की काम प्रगतिपथावर आहे.

प्राध्यापक : येईल. पुढल्या अधिवेशनात किती टक्के, हे विचारता येईल. त्याच्या पुढल्या अधिवेशनात आधीची दोन्ही उत्तरे जोडून विलंबाचे कारण विचारता येईल.

व्यापारी : तेवढ्या वेळात गडकरी साहेबांच्या कार्यालयात निवेदन देऊन रेल्वेला एक फोन करवून घेता येतो, सर. त्या फोनची नोंद कोठे राहत नाही हे कबूल, पण गाडी सुरू झाली तर नोंद मागायला कोण येणार आहे?